वसईची लढाई आणि वाडींतलीं घरें

आमच्या घरच्या देव्हाऱ्यांत एक लहानशी पितळी घंटा आहे. तिची मूठ हातांनीं घासून घासून गुळगुळीत झाली आहे. कडेवर पूर्वीं कांहीं अक्षरें होतीं असें सांगतात. आज तेथें नुसत्या रेघा उरल्या आहेत. ही घंटा वसईची, असें आमच्या आजीनें आम्हांस सांगितलें व तिला तिच्या सासूनें सांगितलें होतें. चिमाजीअप्पांनीं वसई घेतली तेव्हां आमच्या घराण्यांतील कोणी एक पुरुष फौजेबरोबर होता आणि त्यानें ती आणिली, एवढीच कथा. त्या पुरुषाचें नांव घरांत कोणास ठाऊक नाहीं; कागद तर मुळींच नाहीं. वसईहून आलेल्या म्हणून ज्या घंटा प्रसिद्ध आहेत, भीमाशंकरची किंवा नाशकास नारोशंकराच्या देवळाची, त्या पाहिल्या म्हणजे आमची घंटा एखाद्या जत्रेंतच घेतली असावी असें वाटूं लागतें. तरी गणपतीच्या आरतीस ती वाजली कीं घरांतील मुलें आपोआप ताठ उभीं राहतात. विजयाची आठवण अशी असते. तिला पुरावा लागत नाहीं.

गेल्या कार्तिकांत आम्ही निर्मळच्या यात्रेनिमित्त वसईस गेलों, तेव्हां ही घंटा मनांत होती. बरोबर आमचा पुतण्या होता. त्याला किल्ला पाहावयाचा होता, म्हणून प्रथम तिकडेच गेलों. एका अंगास समुद्र व दुसऱ्या अंगास खाडी, आणि मध्यें तो विस्तीर्ण तट. आंतील देवळांचीं छपरें केव्हांच गेलीं आहेत. भिंतींवर वड-पिंपळांनीं मुळें रोविलीं आहेत, आणि जेथें एके काळीं लॅटिन प्रार्थना होत तेथें आज लग्न ठरलेलीं जोडपीं छायाचित्रें काढवून घेतात. चिमाजीअप्पांचा पुतळाही तेथें आहे. पुतण्यानें हात जोडले, आम्हीही जोडले.

लढाईची हकीकत आमच्या वाचकांस नवी नाहीं. १७३७ च्या मार्च महिन्यांत मराठ्यांनीं ठाणें घेतलें व साष्टी हातीं आली. पुढें दोन वर्षें झुंज चालली. १७३९ च्या आरंभीं माहीम, तारापूर हीं ठाणीं पडलीं, वसईस निकराचा वेढा बसला, सुरुंगांनीं बुरूज उडाले, १६ मे रोजीं तहावर सह्या झाल्या आणि २३ मे रोजीं पोर्तुगीज फौज आपलीं निशाणें घेऊन किल्ल्याबाहेर पडली. मराठ्यांचे मेलेले व जखमी मिळून पांच हजारांवर होते असें ग्रँट डफनें लिहिलें आहे. तारापुरास बाजी भिवराव रेठरेकर पडला, तेव्हां त्याच्या मातोश्रीस पेशव्यांच्या घरांतून सांत्वनाचें पत्र गेलें. इतिहासाच्या अभ्यासकांस तें पत्र माहीत आहे. बाकीच्या हजारों घरीं पत्र लिहिणारा कोणी नव्हता व वाचणाराही क्वचितच असेल. त्या घरांच्या हकीकती आतां कोठें मिळावयाच्या? परंतु ज्या मुलखासाठीं ही लढाई झाली त्या मुलखांतील घरें मात्र अजून जागच्या जागीं उभीं आहेत, आणि लढाईनें त्यांचें काय झालें हें पाहावयाचें असेल तर किल्ल्याकडे पाठ करून उत्तरेची वाट धरावी लागते. आम्हीं ती धरली.

वसईहून निर्मळ, भुईगांव, गास, नंदाखाल, आगाशी अशीं गांवें अर्नाळ्याच्या दिशेनें लागतात. पूर्वीं हा सारा पट्टा केळीच्या बागांचा, पानवेलींचा व भाजीच्या वाड्यांचा होता; आतां इमारतींनीं पुष्कळ गिळला आहे, तरी आडवाटेस वळलें कीं हिरवा गारवा लागतो. वाडीजवळ लहानसें तळें असतें. त्याला येथें बावखल म्हणतात. पूर्वीं त्यावर रहाट चाले. या गांवांतून सामवेदी ब्राह्मणांचीं घरें आहेत. हे भिक्षुकीवर न राहतां स्वतः शेतीबागाईत करीत आलेले ब्राह्मण. त्यांच्याच शेजारीं, पुष्कळदां एका कुंपणाच्या अंतरावर, कुपारी म्हणविणाऱ्या ख्रिस्ती लोकांचीं घरें आहेत. एकाच्या ओटीवर गणपतीची तसबीर, दुसऱ्याच्या अंगणांत क्रूस. एकाचें आडनांव अस्सल मराठी, दुसऱ्याचें लोपीस किंवा परेरा किंवा डिसोझा. परंतु दोन्ही घरांतलीं माणसें बोलूं लागलीं म्हणजे ऐकणारा चकित होतो. दोघांची घरची बोली एकच: तिला कादोडी म्हणतात. पुण्यामुंबईच्या माणसास ती सहज कळत नाहीं. गुजराथीची एक छटा, जुन्या मराठीची एक, आणि कांहीं तिचें स्वतःचेंच.

परंपरा अशी सांगते कीं हीं दोन्ही घरें मुळांत एका कुळांतलीं. कुपारी हा शब्दही, म्हणतात, पोर्तुगीज भाषेंतील एका नातेवाचक शब्दावरून आला. बाप्तिस्म्याच्या वेळीं मुलाचा धर्मपिता होणारा आणि त्या मुलाचे आईबाप एकमेकांस त्या नात्यानें हांक मारीत. कुळांच्या वंशावळी आम्हीं पाहिलेल्या नाहींत, पण घरांत आजीनें नातवाशीं बोलावयाची भाषा कोणी कोणाची उसनी घेत नाहीं, इतकें आम्हांस कळतें.

घरें दुभंगलीं तीं १७३९ च्या फार पूर्वीं. २३ डिसेंबर १५३४ रोजीं गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें वसई व आसपासचा मुलूख तहानें पोर्तुगीजांस दिला आणि पुढें दोनशें पांच वर्षें तो त्यांच्याकडे राहिला. एवढ्या अवधींत सात-आठ पिढ्या होऊन जातात. त्यांतले पुष्कळ ख्रिस्ती झाले. सारे तलवारीच्या धाकानें झाले असें लिहिण्याची आमच्यांत चाल आहे. ती सोयीची आहे, पण पुरी खरी नाहीं. कोणी दरडावणीनें झाला, कोणी जमिनीच्या आशेनें, कोणी दुष्काळांत पोटासाठीं, आणि कोणी पाद्र्यांची सेवा पाहून मनापासूनही झाला असेल. जुलूम नव्हता असें मात्र कोणी म्हणूं नये. देवळें पाडलीं गेलीं, उघड पूजाअर्चेस बंदी झाली. गोव्याकडील हकीकत आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या कुलदैवतांशींच निगडित आहे. श्रीमंगेश १५६० सालीं कुशस्थळीहून नदीपलीकडे प्रियोळास गेला तो याच कारणानें.

त्या सर्व कायद्यांत एक कायदा एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाच्या काळजास घर पाडणारा आहे. १५५९ सालीं पोर्तुगालच्या राजाच्या नांवें असा हुकूम निघाला कीं, ज्या हिंदु मुलांचे आईबाप व आजाआजी हयात नाहींत त्यांस पाद्र्यांच्या स्वाधीन करून त्यांच्या धर्मांत वाढवावें. पुढें पुढें नुसता बाप वारला, तरी मूल अनाथच, मग आई घरांत असो कीं आजा असो, असा अर्थ लावला जाऊं लागला. आमच्या घरांत बाप गेलेलें मूल पोरकें होत नाहीं. चुलते असतात, आत्या असते, आजा असतो. आमचे वडीलच त्यांच्या थोरल्या काकांनीं वाढविले. सरकार दारांत येऊन म्हणतें, हें मूल अनाथ आहे. आणि मूल आजाच्या मांडीवर बसलेलें आहे! गोव्यांत नातलग अशीं मुलें रातोरात नदीपार नेत असत. उत्तरेकडील या फिरंगाणांतही रयतेच्या मनांत अशीच धास्ती होती. एक भाऊ मुलाबाळांसह खाडी ओलांडून जातो, दुसरा वाडी सोडवत नाहीं म्हणून राहतो व बाप्तिस्मा घेतो. घर असें दुभंगतें. त्यांत शूर कोणता आणि भित्रा कोणता, हें ठरविण्याचा अधिकार आम्हांस तरी वाटत नाहीं. वाडी सोडणें किती कठीण असतें तें वाडीवाल्यासच माहीत.

लढाई आणण्यांतही या मुलखांतील घरेंच पुढें होतीं. मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे वतनास मुकून पुण्यास पेशव्यांकडे गेले. अंजूरचे गंगाजी नाईक व त्यांचे भाऊ यांनीं वर्षानुवर्षें खटपट केली, वाटा दाखविल्या, माणसें जोडलीं. साष्टीच्या बखरींत त्यांचें कर्तृत्व वाचावयास मिळतें. त्यांना ही लढाई मुक्तीची होती, आणि ती तशी होतीच. आम्ही हें अशासाठीं स्पष्ट लिहितों कीं पुढें जें लिहिणार आहों त्याचा विपर्यास होऊं नये.

सुपारीचें रोप लावल्यापासून फळ धरूं लागण्यास पांच-सात वर्षें लागतात. पानवेल रोज पाणी मागते. केळीची बाग एका हंगामांत उभी राहत नाहीं. ज्या वाडींत दोन वर्षें एका किंवा दुसऱ्या फौजेची छावणी पडली असेल, ज्या बागेंतून मोर्च्यांस लांकूड गेलें असेल, तिचा मालक हिंदु होता कीं ख्रिस्ती हें तोडणाऱ्यानें विचारलें नसेल. आणि लढाई एकदां होऊनही संपली नाहीं. १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं ठाणें व साष्टी घेतली. १७८० च्या डिसेंबरांत गॉडर्डनें वसई घेतली व त्याच सुमारास जवळच दुगाडाच्या लढाईंत रामचंद्र गणेश पडला. सालबाईच्या तहानें वसई पेशव्यांकडे परत आली. १८०२ च्या अखेरीस दुसरा बाजीराव पळून येथेंच आला आणि येथेंच त्यानें इंग्रजांशीं तो तह केला. १७३० च्या सुमारास या गांवांत जन्मलेल्या बाईनें दीर्घ आयुष्य भोगलें असेल तर तिनें दारावरून किती निशाणें जातांना पाहिलीं असतील!

पण आमच्या विषयास खरें महत्त्वाचें काय, तर १७३९ च्या मे महिन्यानंतरचें. तहांत असें ठरलें होतें कीं ज्यांस जावयाचें असेल त्यांनीं आपलें चीजवस्त घेऊन आठ दिवसांत जावें, आणि राहतील त्या ख्रिस्ती रयतेस आपला धर्म पाळण्याची मोकळीक असावी. फिरंगी सरदार, त्यांचीं कुटुंबें, गोरे पाद्री निघून गेले. वाडीवाला कोठें जाणार? तो राहिला. मराठ्यांनीं शब्द पाळला, हें मुद्दाम सांगण्यासारखें आहे. १७६० च्या सुमारास आंकेतील द्यु पेरों नांवाचा फ्रेंच विद्वान् साष्टींतून गेला. मराठ्यांच्या राज्यांत ठाण्यास ख्रिस्ती लोकांचा मोठा उत्सव अगदीं मोकळेपणानें चाललेला पाहून त्याला नवल वाटलें.

निर्मळच्या विमलेश्वराचा जीर्णोद्धार सरसुभेदार शंकराजी केशव फडके यांच्या कारकीर्दींत झाला. वज्रेश्वरीचें किल्ल्यासारखें देऊळ चिमाजीअप्पांच्या नवसाचें. ब्राह्मणांस जमिनी मिळाल्या, वस्ती वाढली. बाटलेल्यांस परत घेण्याचे प्रयत्नही पेशवाईंत झाले, आणि कांहीं कुटुंबें परतलीं. पण पुष्कळ परतलीं नाहींत. नाहीं तर आज आगाशी-नंदाखालास एवढीं ख्रिस्ती घरें दिसतीं ना.

तीं परतलीं कां नाहींत? या प्रश्नाचें उत्तर आम्हांस पुस्तकांत मिळालें नाहीं. एका ओटीवर मिळालें.

निर्मळच्या तळ्याकांठीं यात्रा भरली होती. तेथें शंकराचार्यांच्या परंपरेंतील एका स्वामींची समाधि आहे म्हणून कार्तिक वद्य एकादशीस दुरून लोक येतात. जवळच ख्रिस्ती लोकांचें मोठें देऊळ आहे, आणि यात्रेंत दोन्हीकडचीं माणसें सारखींच हिंडत असतात. एका परिचितांनीं आम्हांस दुपारीं एका कुपारी घरीं नेलें. घरच्या आजीबाईंचें वय ऐशींच्या पुढें असावें. तांबडें लुगडें, तें नेसण्याची पद्धत जुनी, कपाळ मोकळें, बोलणें ठसक्याचें. त्यांनीं आमच्याशीं शाळेंतली मराठी वापरली, पण सुनेस हांक मारली ती कादोडींत. त्यांनीं आपल्या लग्नाची हकीकत सांगितली: मांडव कसा घातला, उंबराचें पाणी वाजतगाजत कसें आणलें, ओव्या कोणीं म्हटल्या. आमच्या पुतण्यास हें सारें ऐकून मौज वाटत होती. तरुण मुलांस भीड नसते. त्यानें विचारलें, “आजी, तुमचे जुने लोक आमच्यांतलेच होते, तर पेशव्यांचें राज्य आल्यावर परत कां नाहीं आले?”

आम्ही ओशाळलों. आजीबाई मात्र ओशाळल्या नाहींत. त्या म्हणाल्या, “बाळा, येणारा एकटा येत नाहीं. त्याच्या मागून त्याच्या मुली येतात. त्यांना तुमच्यांतल्या कोणीं केलें असतें रे?”

पुतण्या गप्प झाला. आम्हांसही बोलावयास कांहीं नव्हतें. प्रायश्चित्त एका दिवसाचें असतें. भटजी येतात, होम होतो, पंचगव्य घेतलें जातें, जेवणावळ होते. पण त्याच जेवणावळींत पंक्ति कोणाची कोणाशीं लागते? पुढच्या वर्षीं त्या घरची मुलगी उपवर झाली तर तिचें स्थळ कोण पाहतो? जे भाऊ खाडी ओलांडून गेले होते व धर्म राखून परत आले, त्यांनाच आपल्या भावाच्या मुलास पाटावर घेणें सर्वांत जड गेलें असेल; कारण धर्म राखण्यासाठीं त्यांनीं वाडी गमावली होती. आम्ही हें दोष देण्यासाठीं लिहीत नाहीं. आमच्या स्वतःच्या घरांत, अगदीं आमच्या लहानपणापर्यंत, ख्रिस्ती शिक्षिकेस दिलेला पेला वेगळा ठेवीत असत. तो पेला आम्हांस अजून डोळ्यांपुढें दिसतो. तोफांनीं किल्ला पडला, पण ही भिंत तोफेची नव्हती. उलट लढाईनंतर ती पक्की झाली असें आमचें मत आहे: तोंपर्यंत फिरंगी राज्य आहे, नाइलाज आहे, असें म्हणतां येत होतें, राज्य गेल्यावर नाइलाज संपला, आणि जो जेथें उभा होता तो पिढ्यान्‌पिढ्या तेथलाच ठरला.

आणि मग त्या लोकांनीं तो धर्म आपला केला, तो आपल्या भाषेंत. गोरे पाद्री गेल्यावर गोव्याकडचे देशी पाद्री त्यांस सांभाळीत राहिले. पुढें शाळा आल्या, मराठी छापखाने आले. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं बायबल मराठींत आणिलें, ‘सुबोध बायबल’ या त्यांच्या ग्रंथास साहित्य अकादमीचा २०१३ सालचा पुरस्कार मिळाला, आणि २०२० च्या जानेवारींत उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांनीं भूषविलें. तेव्हां कांहीं ठिकाणीं कुरकुर झाली. पाद्री कसा अध्यक्ष, असें कोणी विचारलें. वसईच्या वाडींत ज्यांनीं एक दुपार काढली आहे त्यांस तो प्रश्न सुचणार नाहीं. २०२४ सालीं ते वारले.

आजीबाईंच्या घरापलीकडचें घर सामवेदी ब्राह्मणांचें. मधल्या बावखलाचें पाणी पूर्वीं दोघांच्याही बागांस जाई, आणि पाण्याच्या पाळीवरून भांडणेंही होत. “सख्ख्या चुलत्यांसारखीं,” असें आजीबाई हंसून म्हणाल्या. आतां रहाट नाहीं. दोन्ही घरचीं मुलें सकाळीं वसई रोडहून गाडी धरून मुंबईस नोकरीस जातात आणि एकमेकांशीं बहुधा कादोडींत न बोलतां मराठी-हिंदींत बोलतात. २००९ सालीं या गांवांतलीं बरींच महानगरपालिकेंत आलीं, तेव्हां हरकतही पुष्कळांनीं घेतली. तीही दोन्ही घरांनीं मिळून. तो विषय निराळा आहे.

निघतांना आजीबाईंनीं सुकेळ्यांचें एक पुडकें आमच्या हातीं दिलें. राजेळी केळीं सोलून उन्हांत कित्येक दिवस वाळवितात आणि केळीच्याच सुक्या पानांत बांधतात. आगाशीचीं सुकेळीं प्रसिद्ध आहेत. हीं घरचीं होतीं.

आमच्या थोरल्या आत्याबाई आमच्याच घरीं असतात. त्यांचें वय सत्याऐंशी. सोवळें आतां पूर्वींसारखें राहिलें नाहीं, तरी बाहेरचें त्या सहसा खात नाहींत, आणि वेगळ्या पेल्याची चाल घरांत त्यांच्याच हातून चालत असे. रात्रीं पुतण्यानें सारी हकीकत त्यांच्यापुढें सांगितली, आजीबाईंचें उत्तर सुद्धां. पुडकें देव्हाऱ्याजवळच्या पाटावर होतें. आत्याबाई बराच वेळ घंटेकडे पाहत होत्या. मग त्यांनीं पुडक्याची दोरी सोडली, एक सुकेळें घेऊन त्याचे दांतांस जमतील असे लहान लहान तुकडे केले आणि खाल्ले. थोड्या वेळानें त्यांनीं पुतण्यास विचारलें, “त्या तळ्याला अजून पाणी असतें का रे उन्हाळ्यांत?”

त्याला माहीत नव्हतें. त्यानें दुसऱ्या दिवशीं विचारून सांगतों म्हटलें.